एका घराची एक खूण

पुलापाशी पोहोचेपर्यंत धाकटीच्या पायांच्या बोटांत अशी खाज सुटली की जपातही मन लागेना. जिभेवर देवाचं नाव आणि डोक्यात एकच घोळ : हे आलं कुठून?

पाणी उकळलेलं. साबण स्वतःचा, पंचा स्वतःचा. संशय घ्यायला एकच माणूस उरत होतं, आणि ते चार पावलं पुढे चाललं होतं. तिची थोरली जाऊ.

थोरली म्हणजे कोपऱ्यावरची इस्त्रीवाली. उभा जन्म टेबलापाशी काढलेला. गल्लीतली माणसं दरवर्षी पायी देवाला निघायची. ही त्यांचे कपडे कडक करून द्यायची आणि दुकानाच्या दारातूनच हात जोडायची. यंदा पहिल्यांदाच तिने शटर ओढलं. "एकदा तरी आपल्या पायांनी त्याच्या दारात जाऊ दे," एवढंच म्हणाली.

निघण्याआधी धाकटीची पिशवी तिनेच भरली. भरली कसली, रिकामी केली! "हा जाड टॉवेल? हा वाळेपर्यंत आपण घरी परत येऊ. काढ. आणि ही जरीची साडी? देव काय साड्या बघायला बसलाय?" मोजे मात्र भरपूर घेतले, दोघींना एकाच दुकानातून, एकाच राखाडी रंगाचे. ओला मोजा घालायचा नाही. बोटांच्या बेचक्या पुसून पावडर लावायची. दुसऱ्याचा मोजा तर जीव गेला तरी घालायचा नाही. मग दोघींच्या सगळ्या कपड्यांना तिने कोपऱ्यात हिरव्या दोऱ्याचे टाके घातले. दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कपड्यांना अशीच वेगळ्या रंगाची खूण असायची. "कपड्याकडे बघायचंच नाही, दोऱ्याकडे बघायचं. चूक होत नाही."

आणि हीच बाई हल्ली मुक्कामाला पोहोचली की गरम पाण्याची बादली घेऊन एकटीच मागच्या बाजूला जायची. "आणा, तुमचे मोजे मी धुते," म्हटलं की, "राहू दे, तुझे हात दुखतील." हिला माझ्या हातांचा एवढा पुळका कधीपासून? इतकी वर्षं एका ओट्यावर राबलो, तेव्हा कुठे होता? वर दोरीवरचे कपडे काढून घड्या घालायलाही दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. "माझा धंदा आहे तो. सरक."

गल्लीतून पायी निघालेल्या तुकडीचे प्रमुख निवृत्त बस कंडक्टर. पायाला जखम दिसली की माणूस टेम्पोत, आणि टेम्पो सरळ घराकडे, असा त्यांचा नियम. प्रत्येक मुक्कामाला ते सगळ्यांना विचारायचे, "पाय?" सगळ्यांच्या आधी थोरलीचाच आवाज यायचा, "ठणठणीत!"

पूल ओलांडून सगळे एका शाळेच्या व्हरांड्यात टेकले. थोरली भिंतीकडे तोंड करून बसली आणि तिने हळूच बूट काढला. धाकटी मुद्दामच मागे जाऊन उभी राहिली. मोज्याच्या टाचेला काळ्या दोऱ्याचं रफू होतं. धाकटीने वाटेत स्वतः केलेलं.

"ताई, तो मोजा माझा आहे."

"उन्हाने डोकं फिरलं का तुझं? खूण बघ."

"खूण दोघींची एकच घातलीत तुम्ही! रफू बघा."

"मग? एका घराला एकच खूण असते. दुकानात काय नवऱ्याची वेगळी आणि बायकोची वेगळी..." बोलता बोलता थोरली थांबली. तिची नजर टाचेवरून सरकत धाकटीच्या पायांवर गेली. "मग तुझ्या पायात कुणाचे आहेत?"

"ते तुम्हीच सांगा. घड्या तुम्हीच घालता ना?"

"बूट काढ."

"का?"

"काढ म्हणते ना!"

धाकटीच्या बेचक्या लालबुंद झाल्या होत्या. थोरलीने आपल्या पायातला मोजा ओढून काढला. चिखल्या. कातडी पांढरी पडून फाटलेली, करंगळीपाशी पू.

"अगं बाई! आणि हे घेऊन चालताय?"

"वेगळे धूत होते गं मी. उकळत्या पाण्यात. तुला लागू नये म्हणून," थोरली म्हणाली. "वाळायला मात्र उन्हातच हवेत ना, त्याच दोरीवर? आणि काढताना बघितला फक्त तो दोरा. माझ्याच हाताने तुझ्या गठ्ठ्यात घातले."

धाकटीने सकाळपासून भांडण तयार ठेवलं होतं, वर्षानुवर्षांची उणीदुणी लावून. ते तिथेच टाकून तिने पिशवीतून पावडरचा डबा काढला.

"पावडर भरू, चिंधी बांधू," ती हलक्या आवाजात म्हणाली. "आता थोडंच राहिलंय. मी कुणाकडे बोलणार नाही. देवाशपथ."

"देवाला यात ओढू नकोस. तो बघतोच आहे." थोरलीने पिशवीतून छोटी कात्री काढली, धाकटीचे धुतलेले मोजे मांडीवर घेतले आणि एकेका मोज्यातला हिरवा दोरा उसवायला लागली.

व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाकडून कंडक्टरांचा आवाज आला, "पाय?"

थोरलीचे ओठ हलले. तिने ते घट्ट मिटून घेतले.

"तू जा," ती म्हणाली, "आणि त्यांना सांग. मी उठले ना, तर तोंडातून पुन्हा 'ठणठणीत'च निघेल."