उशी कुठल्या बाजूला

रिसॉर्टच्या लिनन रूमला खिडकी नव्हती. चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे धुऊन, इस्त्री होऊन यायचे आणि मी त्यांच्या घड्या घालून फळ्यांवर रचायची. कुणीतरी दारातून हाक मारायचं, मी गठ्ठा काढून द्यायची. लोकांच्या झोपेचं सगळं सामान माझ्या हातांखालून जायचं, पण ते लोक मला कधी दिसायचे नाहीत. पनवेलला आल्यावरचे पहिले दिवस मी असे काढले आणि खरं सांगायचं तर मला ते बरं वाटायचं. तू किती शिकलीस, असं चादर विचारत नाही.

मी सातवीपर्यंत शिकले. पुढची शाळा नाल्यापलीकडच्या गावात होती आणि पावसाळ्यात पूल पाण्याखाली जायचा. एका पावसाळ्यात घरी बसले ती बसलेच. आमचं गाव वाशिमकडचं. तिथून मला इथं आणलं ते गावातल्याच एका बाईनं. ती या रिसॉर्टमध्ये झाडलोट करायची. मला कामाला चिकटवून दिलं आणि थोड्याच दिवसांत ती लग्न करून सुरतेला गेली. तिचे उपकार मी विसरणार नाही. पण ती गेली आणि अख्ख्या पनवेलात मला नावानं हाक मारील असं कुणी उरलं नाही. कामावर सगळे 'ए लिनन' म्हणायचे.

रिसॉर्ट कोन गावाच्या पुढे, हायवेपासून आत होतं. शनिवार-रविवारी मुंबईच्या, पुण्याच्या गाड्या यायच्या, सोमवारी सगळं रिकामं. अशाच एका सोमवारी मॅनेजर साहेबांनी आम्हाला लॉनवर बोलावलं आणि सांगितलं की धुणं, इस्त्री, लिनन सगळं आता कळंबोलीच्या एका ठेकेदाराकडे जाणार. ज्यांना राहायचंय त्यांनी खोल्यांचं काम शिकायचं. ट्रेनिंग इथंच मिळेल, शेवटी बाहेरून परीक्षक येतील. पास होणारा कायम, नापास होणाऱ्याचं काम त्या महिन्याअखेर संपलं.

परीक्षा हा शब्द मी सातवीनंतर ऐकला नव्हता.  परत जायचं म्हटलं तरी कुठं जाणार होते? घरी दोन खोल्या. एकीत भाऊ, वहिनी आणि त्यांची लेकरं, दुसरीत आई आणि चूल. वहिनी वाईट नव्हती. पण मी निघाले त्या दिवशी तिनं माझी गोधडी धुऊन, वाळवून माळ्यावर टाकली होती, आणि ती माळ्यावर जाताना मी पाहिली होती.

शिकवायला एक मॅडम यायच्या. वय झालेलं, केस आखूड, मोठ्या हॉटेलांत उभी हयात घालवलेली बाई. पुढच्या विंगमधल्या एका रिकाम्या खोलीत त्या आम्हाला दुपारी शिकवायच्या. दार कसं वाजवायचं, वाजवून किती थांबायचं, मग 'हाउसकीपिंग' कसं म्हणायचं, ओरडून नाही, पुटपुटूनही नाही. बाथरूमचा फडका खोलीत आणायचा नाही. पाहुण्याच्या वस्तू हलवायच्या नाहीत. पलंगावर कधीही बसायचं नाही, पाठ मोडली तरी. आणि पाहुण्याशी बोलताना त्याच्या डोळ्यांकडे बघायचं.

हे शेवटचं मला जमेना. आमच्याकडे परक्या माणसाच्या डोळ्यांकडे बघणारी पोरगी आगाऊ ठरते. मॅडम म्हणायच्या, "अगं, माझ्या पायात काय आहे? चप्पल आवडली असेल तर तसं सांग." सगळे हसायचे, मीसुद्धा, पण नजर वर जायची नाही. शेवटी त्यांनीच तोड काढली. "भुवयांच्या मध्ये बघ. समोरच्याला कळत नाही." तिथं मला बघता आलं.

इंग्रजीची चार-पाच वाक्यं होती. ती मी पनवेलजवळच्या विचुंबे गावात, माझ्या भाड्याच्या खोलीवर पाठ करायची. खोली एका आगरी घराला लागून काढलेली होती. पत्रा, एक ओटा, एक दार. घरमालकीण मावशी भिंतीपलीकडेच राहायच्या. एका संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून माझं चाललंच होतं, "मे आय क्लीन युअर रूम, सर? मे आय क्लीन युअर रूम, मॅडम?" दारात मावशी उभ्या.

"कोनाशी बोलतेस गो?"

"कुणाशी नाही मावशी. पाठ करतेय."

"मंग भिंत काय बोलली?"

"काही नाही."

"माजीच भिंत हाय ती. माज्याशी पन बोलत नाय." आणि हातातली भाकरी-सुकटीची ताटली ओट्यावर ठेवून त्या गेल्या. पूर्ण दिवसात कामाशिवाय माझ्याशी झालेलं बोलणं बहुतेक वेळा एवढंच असायचं. त्यासाठीसुद्धा मी मनात त्यांचे आभार मानायची.

बिछाना मात्र मला पहिल्यापासून आला. चादर हवेत झटकून एकाच वेळी मधोमध पाडायची, कोपऱ्याला पाकिटासारखी घडी घालून गादीखाली खोचायची, वरून हात फिरवायचा. लिनन रूममध्ये घड्या घालूनच दिवस गेलेले, हात तयार होते. मॅडमनी एकदा इतरांना थांबवून माझा कोपरा दाखवला. माझे कान गरम झाले. त्या दिवशी त्या म्हणाल्या, "काही आठवलं नाही ना, तर एकच लक्षात ठेवा. आज या पलंगावर तुमची आई येऊन झोपणार आहे. मग चूक होणार नाही."

हे वाक्य मी फार मनावर घेतलं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी विचुंब्याहून स्टेशन आणि तिथून मिनीडोर रिक्षानं कोन, सगळ्या वाटेत मी डोळे मिटून ती इंग्रजी वाक्यं पुटपुटत होते. मिनीडोरमध्ये शेजारच्या कोळणीनं पाटी पायाशी सरकवत विचारलं, "बरा नाय काय तुला?" मी म्हटलं, बरी आहे.

परीक्षक सर मध्यम वयाचे, बारीक आवाजाचे. ते मला 'तुम्ही' म्हणाले. मला कुणी 'तुम्ही' म्हणायची ती पहिलीच वेळ असावी, त्यानं मी जास्तच घाबरले. पुढच्या विंगमध्ये पाहुणे होते म्हणून मला मागच्या विंगमधली खोली दिली. तिकडे मी आजवर चादरींचे गठ्ठे पोचवायलाच गेले होते, तेही दारापर्यंत. सर आणि मॅडम माझ्यामागे उभे राहिले.

दार वाजवलं. थांबले. हाउसकीपिंग म्हटलं. आवाज नीट निघाला. पडदे सरकवले तसं उजव्या खिडकीतून सकाळचं ऊन थेट पलंगावर आलं. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. उजवीकडे उगवत, म्हणजे समोरची भिंत उत्तरेची. पलंगाचं डोक्याकडचं फळकूट त्याच भिंतीला, शिकायच्या खोलीत ते दुसऱ्या दिशेला होतं. म्हणजे झोपणाऱ्याचे पाय दक्षिणेला.

आमच्या घरात दक्षिणेला पाय करून कुणी झोपत नाही. तसं मेलेल्या माणसाला ठेवतात. लहानपणी झोपेत लोळत मी तशी वळले, तर आई अंधारात उठून मला पायांना धरून फिरवायची.

मी चादर झटकली. कोपरे खोचले. डोक्यात मॅडमचं वाक्य फिरत होतं, आज या पलंगावर तुझी आई येऊन झोपणार आहे. पुढचं मी ठरवून केलं असं म्हणता येणार नाही. उशा मी पलंगाच्या पायथ्याशी मांडल्या. पांघरुणाची दुमड त्याच बाजूला घातली. हात फिरवला. एक सुरकुती नव्हती. मागे वळून सरांच्या भुवयांच्या मध्ये बघितलं आणि म्हटलं, "झालं, सर."

सरांनी उशांकडे बोट केलं.

"हे काय आहे?"

"बेड, सर."

"ते मला दिसतंय. उशा इकडे का?"

मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटले होते. मला वाटलं, संपलं. आता महिनाअखेर.

"बोल गं," मॅडम म्हणाल्या. "कुणी मारणार नाहीये."

"सर, त्या बाजूला डोकं केलं की पाय दक्षिणेला येतात." आणि मग घाबरून जास्तीचंही बोलून गेले. "मॅडमनी सांगितलं होतं, आई झोपणार आहे असं समजून करा. माझी आई अशी नाही झोपणार."

सर हसतील असं वाटलं. ते हसले नाहीत. पलंगाला वळसा घालून ते फळकुटापाशी गेले आणि भिंतीवरच्या बटणावर बोट ठेवलं. "दिव्याचं बटण कुठं आहे?"

"तिथं, सर."

"फोन?"

"तिथंच."

"पाण्याची बाटली कुठं ठेवाल?"

मी बाजूच्या छोट्या टेबलाकडे पाहिलं. तेही फळकुटाशीच.

"तुमच्या आईला रात्री तहान लागली," सर म्हणाले, "तर परक्या खोलीत, अंधारात, ती बाई हे सगळं कुठं चाचपत बसेल?"

माझी आई रात्री पाण्याला उठते. उशाशी तांब्या लागतोच तिला. मला ती त्या गुळगुळीत फरशीवर अनवाणी, हात पुढे करून चालताना दिसली आणि मला एकदम रडू आलं. ते मी गिळलं.

"कोणी कुठं डोकं करायचं ते झोपणारा ठरवतो," सर म्हणाले. "तुम्ही त्याला सगळं हाताशी ठेवून द्यायचं. वेळ आहे अजून. पुन्हा घाला."

मी पुन्हा घातला. दुसऱ्यांदा कोपरा पहिल्यासारखा बसला नाही. बाटली टेबलावर ठेवली, पेला पालथा घातला. सर पुढच्या खोलीकडे गेले. मॅडम जाताना हळूच म्हणाल्या, "तुझ्यापायी मला आता ते वाक्य बदलावं लागणार." रागावल्या की नाही ते कळलं नाही.

निकाल लगेच नव्हता. संध्याकाळी खोलीवर आले ती दार उघडं टाकून उंबऱ्यातच बसले. मावशी वाळत घातलेले कपडे काढत होत्या.

"काय गो, झाली परीक्षा?"

मी सगळं सांगितलं. इतकं सलग मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. ऐकता ऐकता त्या कपड्यांचा ढीग घेऊन माझ्या खोलीत डोकावल्या. माझी गादी कोपऱ्यात अंथरलेलीच होती.

"आनि तू कुठं डोका करतेस?"

"दाराकडे."

मावशी दारात उभ्या राहिल्या, बाहेर पाहिलं, आत पाहिलं. "पोरी, दार उत्तरंला हाय. घर बांदलाय आमी, आमाला म्हाईत."

 खोली घेतली त्या दिवशीच मी उशी दाराशी ठेवली होती. कुणी कडीला हात लावला तर जाग यावी म्हणून. इतक्या महिन्यांत दिशा बघायचं सुचलंच नाही. परक्यांच्या पलंगाची काळजी मला लागली होती आणि मी रोज दक्षिणेला पाय करून झोपत होते. पायांना धरून फिरवणारं इथं कोण होतं?

मावशींनी कपडे ओट्यावर टाकले आणि गादीचं एक टोक धरलं. "धर तिकडनं. दारावर कोन येतंय? आन आला तर भिंतीवर हात मार. आमी काय मेलोत?" आम्ही दोघींनी गादी फिरवली. उशी आता त्यांच्या भिंतीला लागली. मग कपडे उचलून त्या गेल्या.

पुढच्या आठवड्यात मॅडमनी लिनन रूमच्या दारातून सांगितलं, पास. काठावर आहेस, पण पास. मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर म्हणाल्या, "पायांकडेच बघणार तू शेवटपर्यंत." मग त्यांनी मला माझ्या नावानं हाक मारली आणि अभिनंदन केलं. ट्रेनिंगमध्ये त्यांनी सगळ्यांची नावं पाठ केली होती, हे मला तेव्हा कळलं.

त्या संध्याकाळी भावाच्या मोबाइलवर घरी फोन लावला. आई आली.

"पास झाले आई. कायम झाले."

"पास झाली? बरं झालं वं माय." ती वहिनीला सांगायला वळली, परत आली. "आता काय काम करा लागते?"

"लोकांचे बिछाने घालायचे. खोल्या साफ करायच्या."

"लोक कायले येतात तिथं?"

"सुट्टीला. फिरायला."

आईनं थोडा विचार केला. "मंग दिवाळीले तुले सुट्टी भेटते का?"

ती गर्दी मला माहीत होती. दिवाळी, नाताळ, उन्हाळा, लोकांच्या सुट्ट्या म्हणजे आमचे भरगच्च दिवस. ट्रेनिंगमध्ये ते पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि मी मान हलवली होती.

"नाही गं. तेव्हाच सगळे येतात."

"हाव," आई म्हणाली. "येतील तं." आणि मग, "जेवली का?"

"जेवले." जेवले नव्हते.

फोन ठेवून मी पिठलं टाकलं. जेवण झाल्यावर गादी अंथरली. चादरीचे कोपरे खोचले, पाकिटासारखे. जमिनीवरच्या गादीला त्याची गरज नसते, पण हात थांबेनात. तांब्या उशाशी ठेवला. दार आता पायांकडे होतं, लांब वाटत होतं. कडी लावलीय ना ते दोनदा उठून पाहिलं. मग भिंतीकडे डोकं करून आडवी झाले. पलीकडे मावशींकडे टीव्हीवर कुठलीतरी मालिका चालू होती. शब्द कळत नव्हते, पण कुणीतरी बोलतंय एवढं ऐकू येत होतं, आणि ते बंद होऊ नये असं मला वाटत होतं.