कार्मेनबाईंसाठी बिनमिरचीचं भरीत

मी फारशी बोलत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. वर्गात हजेरी घेतानासुद्धा सर दोनदा विचारतात, ‘आहेस ना गं?’ पण मागच्या हिवाळ्यात मी घरच्यांसमोर चांगलं तासभर बोलले. अगदी व्याख्यान दिलं म्हणा ना! आणि काय झालं? आधी तो चहाचा कप खाली ठेवा, मग सांगते. अंगावर सांडला तर मला बोल नको.

आमचं गाव चोपड्याजवळ. घरी केळी आणि कपाशी. बारावीनंतर मी काय करावं याबद्दल गावात सगळ्यांचं मत होतं, फक्त मला कुणी विचारलं नव्हतं. अकरावीच्या सुट्टीत मी मोबाइलवर स्पॅनिशचा एक फुकट वर्ग लावला होता. शिकवणाऱ्या बाई पुण्याच्या एका कॉलेजात स्पॅनिश शिकवायच्या. वर्गाचा नियम कडक होता. स्पॅनिश सोडून एक शब्द बोलायचा नाही, आणि प्रत्येकाने एक स्पॅनिश नाव घ्यायचं. मी झाले लूसिया. बाई होत्या कार्मेन.

आमच्याकडचं नेट म्हणजे लाडावलेला जावई. कॅमेरा लावला की रुसून बसायचं. म्हणून मी बाईंना कधी पाहिलं नाही, फक्त ऐकलं. पण काय तो आवाज! त्या कविता वाचायला लागल्या की मला चूल, म्हैस, उद्याचा रसायनशास्त्राचा पेपर, कशाकशाचं भान राहायचं नाही. मी ठरवून टाकलं, बी.ए. करायचं तर स्पॅनिशमध्येच आणि कार्मेनबाईंच्याच कॉलेजात.

पप्पा म्हणाले, “आबा हो म्हणाले तर माझं हो.”

आबा म्हणजे माझे आजोबा. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला आणि आमच्या खानदेशी बोलीत विचारलं,

“स्पॅनिश शिकीसन काय करशी? केळीसले हाका मारशी?”

मी कशीबशी म्हणाले, “आबा, तिथल्या बाई खूप चांगल्या आहेत. थेट स्पेनच्या आहेत.”

हे मला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही! पण कार्मेन नावाची बाई स्पेनची नाही तर काय शिरपूरची असणार? वरून मला वाटलं, हे ऐकून आबा खूश होतील. झालं उलटंच.

“परदेशी बाईना हातमा पोर देवानी? आधी तीले घर बलाव. दखू तं खरं!”

नेमक्या त्याच महिन्यात बाई कामासाठी जळगावला येणार होत्या. मी शब्दकोश मांडीवर घेऊन त्यांना स्पॅनिशमध्ये निमंत्रण लिहिलं. भरीत खायला या, एवढंच. त्यांचं उत्तर लगेच आलं. आनंदाने येते! पुढे उद्गारचिन्हांची रांगच होती. मला वाटलं, बिचारीला भरीत म्हणजे काय ते ठाऊक नसेल, म्हणून कुतूहल.

आणि मग मी ते व्याख्यान दिलं. ओट्यावर आबा, पप्पा आणि काकू बसले होते.

“त्यांच्याशी सावकाश बोलायचं. तिखट अजिबात द्यायचं नाही, तिकडच्या लोकांना सोसत नाही. आणि हे बघा, दचकायचं नाही. तिकडे भेटल्यावर गालाला गाल लावतात. आधी एक, मग दुसरा.”

काकूच्या हातातलं सूप खाली पडलं. “व माय! मी तं चूलजोडे दपी बसस!” म्हणत ती आत्ताच लपायला जागा शोधू लागली.

मला वाटलं, संपलं सगळं. आता आबा उठून जाणार. पण आबांनी शांतपणे मिशीवरून हात फिरवला.

“पोरगीना कॉलेजना सवाल शे. एकच काबर? दोन्ही गाल लई जा म्हना तीले.”

आता सांगा, नातीसाठी स्वतःचे दोन्ही गाल द्यायला निघालेल्या अशा आजोबांवर जीव टाकू नये तर काय करावं?

खरं संकट भरताचं होतं. आमची काकू म्हणजे भरताची महाराणी. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, मग लाकडाच्या बडगीत हिरव्या मिरच्यांसकट ठेचायची. लग्नात भरीत करायला तिला चार गावांची बोलावणी येतात. मी तिला मिरची टाकू दिली नाही.

“मिरची नही तं भरीत कशानं? वांगासना लगदा शे तो!” तिने वांगी ठेचली खरी, पण बडगीकडे न बघता.

रविवारी दारात गाडी थांबली. आबा सकाळीच दाढी करून, दोन्ही गालांना पावडर लावून बसले होते. गाडीतून साडी नेसलेल्या एक सावळ्या बाई उतरल्या. मी त्यांच्या मागे बघत राहिले, कार्मेनबाई कधी उतरतात म्हणून.

“ओला, लूसिया!” साडीवाल्या बाई म्हणाल्या.

तोच आवाज! मी मनाशी म्हटलं, स्पेनमध्येही सावळे लोक असतातच. आणि साडी? आपला मान ठेवायला नेसल्या असतील.

तेवढ्यात आबा पुढे झाले. डोळे मिटले आणि उजवा गाल पुढे केला. बाई नेमक्या त्याच क्षणी त्यांच्या पाया पडायला वाकल्या! गाल वर, बाई खाली. आबा तसेच, हवेत गाल धरून उभे.

मी काकूच्या कानात काय म्हणाले असेन? “बघ, आपल्या संस्कृतीचा किती अभ्यास केलाय त्यांनी!”

“बा-ई... ब-सा... पा-नी...” आबा डोंगरापलीकडच्या माणसाला सांगावं तसे ओरडले. बाईंना वाटलं, आजोबांना कमी ऐकू येतं. त्यांनीही ठळकपणे, सावकाश मान हलवली. मी मध्ये बसून आबांचं प्रत्येक वाक्य स्पॅनिशमध्ये सांगायला लागले. बाईंनी एकदा माझ्याकडे, एकदा आबांकडे पाहिलं आणि हसून स्पॅनिशमध्येच उत्तरं दिली. नंतर कळलं, त्यांना वाटलं होतं की पोरीला घरच्यांपुढे आपलं स्पॅनिश दाखवायचंय, कशाला हिरमोड करा!

पानं वाढली. बाईंनी पुरीत भरीत घेतलं, डोळे मिटले आणि घास घेतला. डोळे उघडले. दुसरा घास घेतला. मग बोटाने भरीत बाजूला सारून खाली काही दडलंय का ते पाहिलं. शेवटी राहवलं नाही.

“काकू, भरीतमा मिरची टाकाले इसरी ग्यात का व?”

आबांचा घास हातातच राहिला. 

“बाई, तुम्हले आपली बोली येस?”

“कशी नही येवाव, आबा? मी सोनगीरनी शे!”

सोनगीर! धुळ्याजवळचं! पुण्याला राहून भरतासाठी जीव आसुसला होता, म्हणून सोनगीरला माहेरी जायच्या आधी त्या गाडी वळवून आमच्याकडे आल्या होत्या. कार्मेन? ते वर्गापुरतं नाव. अहो, मी तरी कुठे लूसिया होते! पण एवढं साधं माझ्या डोक्यात शिरलं नाही.

काकू मिरच्या आणायला धावली. “मी सांगं व्हतं ना!” हे तिने चुलीपर्यंत जाताना आणि परत येताना, दोन्ही वेळा म्हटलं.

आबा हसून हसून आलेलं डोळ्यांतलं पाणी पुसत म्हणाले, “सोनगीरनी पोर शिकाडस, तं आपली पोर शिकी बी. धाडा तीले पुनाले!” मग माझ्याकडे वळले. आमच्याकडे नवा माणूस दिसला की पाण्याआधी गाव विचारतात. “पोरी, तुना त्या स्पॅनिशमा मानुसले गाव इचारतस नही का?”

 बाईच खुदकन हसल्या. कारण स्पॅनिशच्या पहिल्या धड्यातलं पहिलं वाक्य काय आहे ठाऊक आहे? ‘दे दोंदे एरेस?’ म्हणजे, तू कुठली? त्या धड्यात मला पैकीच्या पैकी गुण होते.

पुण्याला जायची माझी बॅग आता भरत आली आहे. पण अजूनही दारात कुणी पाहुणा दिसला, मग तो शेजारच्या गावचा केळीचा व्यापारी का असेना, आबा ओट्यावरून मला हाक मारतात,

“लूसिया! गाल धुई लेऊ का?”