नावाआधी काही न लावणाऱ्या नलिनीताई

नलिनीताईंची आणि माझी ओळख एका भांडणातून झाली. मी तेव्हा कशेळ्याच्या एका फोटो स्टुडिओत लग्नांचे व्हिडिओ जोडायचं काम करत असे. भाचीच्या लग्नातली हळद मी फारच कापली, अशी तक्रार घेऊन ताई आल्या होत्या. मी म्हटलं, "बायका नाचत होत्या आणि कॅमेरा नको तिथे फिरत होता, म्हणून कापली." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "आमच्या चॅनलवर बातम्या वाचशील का गं?"

शाळेतून निवृत्त झाल्यावर, लोक देवळाच्या पायरीवर बसतात त्या वयात, ताईंनी कर्जत-खालापूरच्या बातम्या देणारं हे छोटंसं चॅनल काढलं. भाताची खरेदी, खोपोलीतल्या कामगारांची गाऱ्हाणी, नेरळच्या नव्या इमारतींत न येणारं पाणी, हे सगळं त्यांनी पडद्यावर आणलं. आणि पुढे मलाही आणलं.

मी ट्रान्स स्त्री आहे. लहानपणी आमच्या टीव्हीवर माझ्यासारखं माणूस दोनच कामांसाठी यायचं: हसवायला, नाहीतर घाबरवायला. साडी नेसलेला पुरुष ठुमकत आला की घरात हशा पिकायचा, आणि त्यात मीही हसायचे. हसले नाही तर ओळखतील, ही धास्ती. आपण कोण हे कळण्याआधीच आपण हसण्यासारखे आहोत हे मला कळलं होतं. याचा राग मला अजून येतो आणि तो येतच राहावा असं वाटतं.

ताईंच्या कार्यालयात मात्र एक नियम होता. खोपोलीत एका ट्रान्स बाईला रिक्षाने धडक दिली, तेव्हा आमच्या वार्ताहराने 'तृतीयपंथी जखमी' एवढंच लिहून पाठवलं. ताईंनी त्यांना फोन लावला. "नाव नाय का रं तिला? उद्या मला रिक्षानं उडवलं तर 'म्हातारी जखमी' लिहिशील?" वार्ताहर परत दवाखान्यात गेले. बाईंचं नाव कळलं, त्या खानावळ चालवतात हेही कळलं, आणि बातमी तशी गेली. नावाआधी काही लावायचं नाही, हे आम्ही सगळेच तेव्हा शिकलो.

माझ्या नावाची पट्टी पडद्यावर द्यायची वेळ आली तेव्हा मी कचरले. घर सोडल्यापासून आई माझ्याशी बोलत नव्हती. 'वैदेही' हे नाव तिने एकदाही उच्चारलं नव्हतं, आणि आमचं चॅनल तर तिच्या घरातही दिसत होतं. ताईंनी आग्रह केला नाही. "तुझं नाव, तू ठरव," एवढंच म्हणाल्या. काही दिवस मी नुसत्या आवाजाने बाजारभाव वाचले. मग एका संध्याकाळी मीच सांगितलं, द्या पट्टी.

आता ताईंची एक चूक सांगते. गौरवलेखात चुका सांगू नयेत म्हणतात, पण ताईंना नुसती स्तुती पचत नाही. प्रेमाच्या भरात त्यांनी माझ्यावर एक खास कार्यक्रम ठरवला. जाहिरात जोडायचं काम दिनेशभाऊंकडे होतं. त्यांनी घाईत हाताशी होता तोच साचा उचलला: काळापांढरा फोटो, भोवती झेंडूचा हार, मागे रडवी सनई. आमच्याकडे श्रद्धांजलीच्या जाहिराती त्याच साच्यात जातात. फोटोखाली माझं नाव. ताईंनी कौतुकाने पाहिलं आणि लगेच चॅनलवर लावूनही दिलं.

मी भडकले. "ताई, आत्तापर्यंत लोक आमच्यावर हसायचे, आता तुम्ही रडवणार. बातमी वाचणारी साधी बाई म्हणून कधी दाखवणार?"

ताई उत्तर देणार इतक्यात जिन्यावर आरडाओरडा ऐकू आला. माझी आई होती. मिळेल त्या जीपने, अनवाणी आली होती. दारातच ओरडली, "माझी वैदेही कुठं हाय? काय झालं माझ्या वैदेहीला?"

मी पुढे झाले. आईने माझे दंड चाचपले, गाल चाचपले आणि मग ताईंकडे वळली. "बाई, जित्या पोरीला हार घालतासा? लाज नाय वाटत तुमाला?"

पंचक्रोशी ज्यांना वचकून असते त्या ताईंनी हात जोडले. "चुकलं माझं, वयनी. नाय दाखवनार परत." ती जाहिरात आणि तो कार्यक्रम त्यांनी तिथल्या तिथे काढून टाकला. आईला पाणी दिलं आणि पायांत स्वतःच्या चपला घातल्या. मी आईला विचारलं, नाव कसं ठाऊक? ती पदर सावरत म्हणाली, "रोज तर दिसतं खाली लिवलेलं. वाचता येतं की मला."

त्या संध्याकाळी आई आणि ताई कॅमेऱ्यामागे शेजारी बसल्या आणि मी बातम्या वाचल्या. ताईंचं ऋण याहून मोठं मला सांगता येणार नाही.

ताईंची पंच्याहत्तरी झाली. त्यांचे गुडघे निभावून नेवोत, आवाजाची धार अशीच राहो. आई म्हणते, माझं आयुष्य ताईंना लागो. मी तिला गप्प करते. दोघींनीही राहायचं आहे. आई, तुझ्या तोंडून माझं नाव मी अजून पोटभर ऐकलेलं नाही.