कोकरू एकच पाहिजे

लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी आमच्या अंधेरीच्या दोन खोल्यांत शेकडो कोकरं राहायला आली होती, आणि ती सगळीच्या सगळी माझ्याकडे रोखून बघत होती.

खरीखुरी नव्हेत हो! कापडावर छापलेली. खरी असती तर बरं झालं असतं, निदान पाला टाकून गप्प करता आली असती.

ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. आमच्या ह्यांनी, म्हणजे प्रकाशनं (तेव्हा मी नाव घेत नसे, आता घेते, आणि तेही ओरडून), प्रेसमधली नोकरी सोडून घरातच स्क्रीन प्रिंटिंग सुरू केलं होतं. निघताना मालक म्हणाला होता, "दिवाळीपर्यंत परत येशील. खुर्ची तशीच ठेवतो." तेव्हापासून ती खुर्ची ह्यांच्या स्वप्नात येई. अशात गावठाणातल्या चर्चचं काम आलं. सणासाठी पताका छापायच्या, आणि काम पसंत पडलं तर चर्चची सगळी छपाई कायमची आमच्याकडे. नाहीतर खुर्ची होतीच!

चर्चचे फादर ऑगस्टिन स्वतः नमुना घेऊन घरी आले. निळी ढाल, वर पिवळा तारा, मधे येशूचं चिन्ह म्हणून झेंडा धरलेलं, मान वळवून आपल्याकडे बघणारं कोकरू.

"बघ प्रकाश," फादर म्हणाले, "आमच्या बॅनरवर कोकरू डावीकडे बघतं, पावतीवर उजवीकडे. आणि बँडच्या ड्रमवर तर चक्क कुत्रा आहे! लोक विचारतात, फादर, हा कोण? मी काय सांगू? आता बस. कोकरू एकच पाहिजे. सगळीकडे तेच. एक जरी वेगळं निघालं, तर सगळा माल परत!"

"एकसारखं देतो फादर, काळजीच नको," हे म्हणाले. (आमच्या घरात हे वाक्य ज्या ज्या वेळी उच्चारलं गेलं, त्या त्या वेळी वाट लागलेली आहे.)

ह्यांनी निळा आणि पिवळा रंग मारला. राहिला काळा, म्हणजे कोकरूच. तेवढ्यात गोरेगावला एका कँटीनची कुपनं पोचवायची आठवण झाली. "फ्रेम तयार आहे. अप्पा आणि तू मिळून मारा काळा. काही अक्कल लावू नका, फक्त जाळीवर शाई ओतून पट्टी ओढा," असं सांगून हे गेले.

अप्पा म्हणजे माझे सासरे. गिरणीतून घरी बसलेले, पण घराणं कुडाळकडचं, गणपती करणाऱ्यांचं. त्यांनी फ्रेम उजेडाकडे धरली आणि त्यांचा चेहराच बदलला.

"गो, ह्येत डोळे पण असत!"

"असणारच ना अप्पा. कोकरू आहे."

"डोळे छापतत काय? डोळे उघडूचे असतत. हातान. आणि सगळ्यात शेवटाक."

"पण अप्पा, हे गणपती नाहीत."

"देवाचा असा ना? मगे?"

ह्या 'मगे'वर आजवर कोणाला उत्तर सापडलेलं नाही. अप्पांनी फ्रेमची जाळी बुजवायचं लाल औषध घेतलं आणि कोकराच्या डोळ्यांचे दोन ठिपके बंद करून टाकले, म्हणजे तिथून शाई उतरायलाच नको. मी थांबवायला हवं होतं. पण ते पुढे म्हणाले, "माजो हात आता थरथरता. तुज्या हातात कला असा." संपलं! ड्रॉइंगची इंटरमिजिएट परीक्षा पास झालेल्या बाईला असं म्हणाल, तर ती वाघालाही डोळे काढून देईल.

दुपारी दोन्ही खोल्यांत दोऱ्या बांधून पताका वाळत घातल्या, आणि मला पहिल्यांदा कसंतरी झालं. जिकडे बघावं तिकडे मान वळवलेलं कोकरू, आणि डोळ्यांच्या जागी नुसतं पांढरं कापड. पंख्यानं सगळी एकदम हलायची. बघायला डोळे नाहीत, तरी मान आपली माझ्याकडेच!

मी बारीक ब्रश घेऊन पाटावर बसले. पहिल्या कोकराला डोळे कुठले द्यावेत हे सुचेना, पण एकदा हात चालू लागला तो थांबेना. फटाफट डोळे उघडत गेले. अप्पा हातात एकेक पताका देत होते आणि काहीतरी पुटपुटत होते. शेवटची पताका दोरीवर चढली तेव्हा दिवेलागण झाली होती. नेमके तेव्हाच दिवे गेले.

मी मेणबत्ती लावली. पंखा बंद होता, पण पताका हलत होत्या. स्वयंपाकघरात गेले, तिथली कोकरं बघत होती. बाहेर आले, बाहेरची बघत होती. आणि बघणं तरी कसं? "पदर नीट घे" असं! "दुधाकडे लक्ष आहे का?" असं! खरं सांगते, मला भीती वाटली. ती नजर माझ्या ओळखीची होती आणि कुठली ते आठवत नव्हतं.

दूध उतू गेलं. अर्थातच.

तेवढ्यात शेजारच्या लीलाताई वाटी घेऊन साखर मागायला आल्या. दारातच त्यांनी एका कोकराकडे बघितलं. मग दुसऱ्याकडे. हातातली वाटी खणकन पडली.

"वहिनी!" त्या किंचाळल्या. "खलबत्ता उद्या आणून देते हो, आईशप्पथ! विसरले नव्हते मी!"

आणि उलट्या पावली पळाल्या. मी अप्पांकडे वळले. ते एका पताकेपाशी मेणबत्ती धरून उभे होते. अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "गो... ह्यी प्रकाशची आवस."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. सासूबाई माझ्या लग्नाच्या आधीच गेल्या होत्या. मी त्यांना पाहिलंसुद्धा नव्हतं! हळूच मान वर केली. मी ज्या पाटावर दुपारभर बसले होते, त्याच्या बरोब्बर समोर भिंतीवर, चंदनाच्या हारात, सासूबाईंचा फोटो. कळलं, डोळे कुठून उतरले ते. पण कळून भीती काही कमी होईना, कारण आता त्या शेकडो होत्या.

हे घरी आले, दारात चप्पल काढायला वाकले, वर बघितलं आणि म्हणाले, "आई, हात धुतो."

मग भानावर येऊन जे काही बोलले ते छापण्यासारखं नाही. "अगं, नमुन्यात दोन ठिपके होते, ठिपके! एकही जुळत नाही! कापड संपलंय!"

"वर ठिपके छापूया?" मी घाबरत विचारलं.

"हात लावशात तर बघा!" अप्पा गरजले. "उघडलेलो डोळो मिटूचो नाय. आणि हिचो तर नायच नाय." त्यांचे डोळे भरून आले होते. मग ह्यांनीही ठिपक्यांचा विषय सोडला. माझ्यामुळे हे त्या खुर्चीवर परत जाऊन बसणार, ह्या विचारानं मला रडू फुटलं.

सकाळी फादर आले. तोंडात सिगारेट होती. आत पाऊल टाकलं, पताकांवर नजर गेली आणि सिगारेट झटकन पाठीमागे लपली! मग त्यांनी नमुना काढला, एका पताकेशेजारी धरला.

"हे डोळे आमचे नाहीत."

"नाहीत, फादर," हे म्हणाले.

फादर एकेक पताका तपासत सुटले. पुढच्या खोलीतल्या, मग आतल्या. आम्ही तिघं मागे मागे.

"एकसुद्धा वेगळा नाही," ते शेवटी म्हणाले. "इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगतोय, कोकरू एकच पाहिजे. आज पहिल्यांदा मिळालं. पण प्रकाश, मला सांग, हे सगळीकडे असंच बघणार? प्रवचन चालू असताना पण?"

"तेव्हा तर जास्तच," हे कसेबसे म्हणाले.

"मग माझी माणसं झोपणार नाहीत!" फादरनी खिशातून पेन काढलं आणि जुन्या नमुन्यावर काट मारली. "आजपासून नमुना हा. हेच कोकरू, हेच डोळे. हॉलवर, पावतीवर, ड्रमवर, लॉटरीच्या तिकिटावर. बदल चालणार नाही!"

हे परत कधी त्या खुर्चीकडे गेले नाहीत. चर्चची छपाई आमच्याकडे आली ती आलीच. भाजी आणायला गावठाणातून जावं तर कमानीवरून बघणं, रिक्षाला थांबावं तर हॉलच्या भिंतीवरून बघणं. माझ्या मैत्रिणी माहेरी जाऊन सासूच्या नावानं रडायच्या, मी मुकाट ऐकायचे. त्यांच्या सासवा निदान घरातच होत्या. मी माझी गेलेली सासू स्वतःच्या हातानं जिवंत करून सबंध अंधेरीभर टांगून ठेवली होती!