गोधडीचा रकाना

एकतीस वर्षं कोर्टाच्या दारात उभं राहून नावांचा पुकारा करणाऱ्या शिपाईबाईंना सगळे तोफबाई म्हणत. आवाज खणखणीत आणि राग नाकाच्या शेंड्यावर.

त्या दिवशी सकाळी फाटकावरच ठिणगी पडली.

"बाई, कुत्रं आत जाणार नाही," पहारेकरी म्हणाला.

"न्यायाधीशबाईंचा लेखी हुकूम आहे. वाच."

"वाचला हो. पण नोंदवहीत रकाने चारच. पक्षकार, वकील, साक्षीदार, मुद्देमाल. हिला कुठे घालू?"

"तुझ्या डोक्यात घाल! मुद्देमाल लिही नि बाजूला हो."

त्याने लिहिलं : मुद्देमाल, नग एक. तोफबाईंची म्हातारी कुत्री जांभई देत आत गेली. अंगावर ठिगळांसारखे डाग, म्हणून तिचं नाव गोधडी.

मागच्या तारखेला सात वर्षांची एक मुलगी साक्षीला आली होती. बापाने आईला जिन्यावरून ढकललं, त्यात आई गेली. पाहणारी ही एकटीच. कठडा उंच म्हणून तोफबाईंनी तिला स्टुलावर उभं केलं. पण समोर बाप बसलेला. तासाभरात तिच्या तोंडून स्वतःचं नावसुद्धा निघालं नाही. नंतर फाटकाबाहेरच्या पायरीवर मात्र ती बाईंची वाट बघत बसलेल्या गोधडीच्या कानात भराभरा काहीतरी सांगताना दिसली, आणि तोफबाई तडक न्यायाधीशबाईंकडे गेल्या. आजही पोर गप्प राहिली तर बाप सुटणार होता, आणि सुटला की तिला घरी नेणार होता.

सुनावणीला बापाचा वकील गोधडीला बघून हसला. "आज कुत्रं आणलंय. उद्या बैल आणतील."

तोफबाईंचं कानशील तापलं. या इमारतीत छत्र्यांना जागा आहे, फाटक्या फायलींना कपाट आहे, आणि लेकराच्या भीतीला जागा मागितली की यांना हसू येतं! पण आत पुकाऱ्याखेरीज बोलायची मुभा नव्हती. त्यांनी दात आवळले.

पुकारा झाल्यावर मुलगी स्टुलावर न चढता गोधडीशेजारी बसली आणि तिने तिचा कान मुठीत धरला.

"हिला सांगितलं तर चालेल?"

"चालेल," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "आम्हाला ऐकू येईल एवढ्या आवाजात सांग."

"आई नको नको म्हणत होती. बाबांनी दोन्ही हातांनी ढकललं."

तिने एकदाही बापाकडे बघितलं नाही. उलटतपासणीतही ती गोधडीलाच उत्तरं देत राहिली. वकिलाचं हसू केव्हाच उतरलं होतं.

पाच वाजता फाटकावर पहारेकरी आडवा आला.

"बाई, मुद्देमाल हुकमाशिवाय बाहेर जात नाही. आजच्यापुरतं खोलीत ठेवू."

"कुठल्या खोलीत?"

"मुद्देमालाच्या. काठ्या, सुऱ्या असतात तिथे. बाहेरून कुलूप असतं, काळजी नको."

मागे मावशीचा हात धरून मुलगी उभी होती. "मी बोलले म्हणून तिला कोंडणार?"

तोफबाईंनी एकतीस वर्षं फक्त दुसऱ्यांच्या नावांसाठी वापरलेला आवाज त्याच्यावर सोडला. जिन्यावरचे वकील जागच्या जागी थांबले.

"साक्ष झाल्यावर साक्षीदाराला कोंडतात का रे?"

"न... नाही."

"मग खोड ते! लिही, साक्षीदार, गोधडी. साक्ष झाली, घरी गेली."

"खाडाखोडीवर सही लागते, बाई."

"आण इकडे!"

त्यांनी सही अशी ओढली की कागद फाटला. पहारेकरी फाटलेला कागद बघत राहिला. तोवर मुलगी गोधडीचा पट्टा धरून फाटकाबाहेर गेली होती.