चार आकडे आणि एक फोन

कारखान्यात सगळे त्यांना मॅट्रिक्सबुवा म्हणत. तिथल्या दोन टाक्या एकमेकींना जोडलेल्या. एकीत पाणी चढलं की दुसरीत उतरायचं, झडप जरा जास्त फिरवली की उलटं व्हायचं, आणि दर सेकंदाला चूक वाढतच जायची. सगळ्यांनी हात टेकले होते. बुवांनी चार महिने कागद काळे केले आणि चार आकड्यांची एक मॅट्रिक्स, म्हणजे दोन ओळींची चौकट, काढली. झडपांना जोडलेल्या यंत्राने दर सेकंदाला दोन्ही पातळ्या किती चुकल्या ते मोजायचं, ती चूक त्या आकड्यांनी गुणायची, येईल तेवढ्याच झडपा फिरवायच्या. आकडे असे बेतले होते की प्रत्येक सेकंदाची चूक आदल्या सेकंदापेक्षा लहानच निघावी. टाक्या ज्या गप्प झाल्या त्या झाल्याच.

इतकं चोख काम माणसाने करू नये. निवृत्तीच्या दिवशी बुवांनी यंत्रावर घरच्या फोनचा नंबर चिकटवला: 'बिघाड झाल्यास कळवा.' अकरा वर्षांत कारखान्यातून एक फोन येईल तर शपथ.

"एकदा बिघडू दे बाई ते यंत्र," बायको म्हणायची, "म्हणजे यांच्या जिवाला बरं वाटेल!"

ती गेली आणि चिडवायलाही कोणी उरलं नाही. फोन मात्र बुवा रोज पुसत.

या महिन्यात फोन कंपनीचं पत्र आलं, जुन्या लाइनी बंद होणार. बुवांनी मोबाइलचा नंबर सुबक अक्षरात चिठ्ठीवर लिहिला, इस्त्रीचा शर्ट चढवला आणि कारखाना गाठला.

यंत्रापाशी बसलेल्या ऑपरेटर बाईने त्यांना ओळखलं नाही. पडद्यावर दोन्ही टाक्यांच्या पातळीच्या दोन सरळ रेषा चालल्या होत्या.

"कधी हलतात का या?" बुवांनी विचारलं. त्यांना हो ऐकायचं होतं.

"छे हो काका! इकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. फार गुणी यंत्र आहे."

बुवांनी पिवळ्या पडलेल्या कागदाकडे बोट दाखवलं. "हा नंबर कोणाचा?"

"कोणास ठाऊक. असेल कोणी जुना माणूस. थांबा, लागतो का बघू." तिने हसत फोन लावून कानाला धरला.

बुवांचा हात खिशातल्या चिठ्ठीवर तसाच राहिला. गावाच्या दुसऱ्या टोकाला, कुलूप लावलेल्या घरात, तो फोन आत्ता वाजत होता.

"वाजतोय की," ती म्हणाली. "पण कोणी उचलत नाही."

"घरी कोणी नसेल," बुवा म्हणाले.