लाल लेट्यूस हिरवं पडलं तेव्हा

रविवारी सकाळी आम्ही ग्रीनहाऊसमध्ये टोमॅटो निवडत होतो, तेव्हा नाशिकहून फोन आला. ताई गेली. माझी सख्खी बहीण. पण इथे दोह्यातल्या आमच्या फार्मवर ती लॅब सांभाळायची, आणि मॅनेजरपासून ड्रायव्हरपर्यंत सगळे तिला ताईच म्हणत. आमचे मुख्य माळी, रत्नागिरीचे सलीमभाई, यांनी हातातला टोमॅटो क्रेटमध्ये ठेवला. मग म्हणाले, "ताईंचे किस्से ठेवायचे कुठे आता? एवढे साठलेत."

मग ते सांगतच बसलो.

एका ऑगस्टमध्ये टोमॅटो पिकूनही नारिंगीच राहिले. मॅनेजरला वाटलं, बियाणं खोटं निघालं. ताईने थर्मामीटर त्याच्या हातात दिला. तीस अंशांच्या वर तापलं की टोमॅटो लाल रंग बनवणं थांबवतो, पिवळा तेवढा चालू ठेवतो, हे समजावलं. मग त्याच्या केबिनकडे बघत म्हणाली, "ए.सी. फक्त आतल्यांनाच लागतो का?" दुपारपर्यंत कूलर दुरुस्त!

पुढे सगळ्यांची रक्ततपासणी झाली. ड जीवनसत्त्व सर्वांत कमी कोणाचं? ताईचं! पालकाला ऊन मिळालं की त्यात क जीवनसत्त्व वाढतं, हे आम्हाला वर्षभर शिकवणारी बाई स्वतः लॅबबाहेर पडत नव्हती. सलीमभाईंनी तिची खुर्ची उचलून पालकाशेजारी उन्हात नेऊन ठेवली. ती बसलीही, मुकाट्याने, दहा मिनिटं.

फुटबॉल वर्ल्ड कपची तयारी सुरू झाली आणि वेस्ट बे भागातल्या एका हॉटेलने लाल लेट्यूसचं सॅम्पल मागितलं. ते नापास झालं तर आमचा विभाग बंद, सलीमभाई परत गावी. आणि लेट्यूस उगवलं हिरवंगार! सलीमभाईंनी मायेने सावलीच्या जाळीवर आणखी एक जाळी घातली होती, गावी आंब्याच्या कलमांवर सावली धरतात तशी.

ताई रागावली नाही. "सलीमभाई, लाल रंग ही पानाची छत्री. तुम्हीच धरलीत, तर ते स्वतःची कशाला उघडेल?"

दोन्ही जाळ्या काढल्या. सलीमभाई भीतीने पानांकडे बघेनात. चौथ्या दिवशी ताई जुन्या दुखण्याच्या उपचारांसाठी नाशिकला गेली. जाताना मला म्हणाली, "रंग चढला की फोटो टाक."

आठव्या दिवशी, म्हणजे त्या रविवारच्या आदल्याच दिवशी, पानं कोकमाच्या रंगाची झाली. हॉटेलच्या शेफने एक पान तसंच चावून बघितलं आणि अरबीत म्हणाला, "खलास!" म्हणजे ठरलं. "हेच पाठवा." सलीमभाई तिथेच खाली बसले. मी पानांचा फोटो काढला.

तो पाठवायचा राहिला.